दुसऱ्या महायुद्धात कुणाचे किती सैनिक गेले, आणि दर ठिकाणी आकडा वेगळा का दिसतो?

प्रश्न असा आलाय की दुसऱ्या महायुद्धात सगळ्यात जास्त सैनिक कुठल्या देशाचे मेले, आणि एकाच देशाचे आकडे इतके वेगवेगळे का सापडतात. सोबत तीन उदाहरणं दिलीयेत. सोव्हिएत युनियनचे कुठे ८७ लाख तर कुठे १ कोटी १४ लाख, भारताचे कुठे २४ हजार तर कुठे ८७ हजार, आणि व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या एका तक्त्यात भारतासमोर चक्क २५ लाख. युद्धातल्या मृत्यूंच्या नोंदी आणि लोकसंख्येचे आकडे एकमेकांशी ताडून बघणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, सांभाळून घ्या.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. सोव्हिएत युनियन पहिला, अधिकृत आकडा सुमारे ८७ लाख. जर्मनी दुसरा, ऑस्ट्रिया वगैरे धरून सुमारे ५३ लाख. मग चीन आणि जपान, जपानचे २३ लाख आणि चीनचा आकडा १३ लाखांपासून ३० लाखांच्या पुढेपर्यंत कुठेही जातो, त्याचं कारण खाली सांगतो. यानंतर एकदम उतार लागतो. अमेरिका ४ लाख ५ हजार, ब्रिटन वसाहतींसकट ३ लाख ८३ हजार, आणि रोमानिया, इटली, हंगेरी, युगोस्लाव्हिया, पोलंड, फ्रान्स हे सगळे साधारण दोन ते चार लाखांच्या पट्ट्यात. नुसत्या संख्येत पहिले दोन नंबर कसंही मोजलं तरी हलत नाहीत. तिसऱ्या-चौथ्याचं मात्र तुम्ही काय मोजताय त्यावर ठरतं, आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

बघा, आपण समजतो की मेलेला माणूस म्हणजे मेलेला, त्यात काय मोजायचं वेगळं. पण हे आकडे मेलेल्या माणसांनी दिलेले नाहीत, ते कुठल्यातरी लष्करी कचेरीतल्या कारकुनाने दिलेत, आणि त्या कारकुनाला विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा "किती मेले" हा नव्हताच. त्याला विचारलं होतं, युनिटच्या हजेरीपटावरून किती नावं कमी झाली आणि त्या जागी किती नवीन माणसं पाठवायची. सोव्हिएत आकड्यांचा सगळा घोळ इथे आहे.

१ कोटी १४ लाख ४४ हजार १०० हा आकडा खोटा नाहीये, तो परत न भरून येणाऱ्या नुकसानीचा आकडा आहे. म्हणजे मेलेले, बेपत्ता झालेले, शत्रूच्या हाती सापडलेले, थोडक्यात जे आता आपल्याला लढायला मिळणार नाहीत असे सगळे एका रकान्यात. युद्ध संपल्यावर त्यातले १८ लाख ३६ हजार कैदेतून जिवंत परत आले. आणि ९ लाख ३९ हजार ७०० जण असे होते जे बेपत्ता किंवा कैदी म्हणून लिहिलेले, पण लाल सेना जसजशी आपला गेलेला मुलूख परत घेत पुढे गेली तसतसे ते गावागावांत सापडले आणि त्यांना पुन्हा भरती करून घेतलं. हे दोन्ही वजा केले की बरोबर ८६ लाख ६८ हजार ४०० उरतात. तुम्हाला दिसलेले दोन्ही आकडे एकाच पुस्तकातले, एकाच वजाबाकीच्या वरचा आणि खालचा. कर्नल जनरल ग्रिगोरी क्रिवोशेयेव यांच्या गटाने लष्करी दप्तरं उघडून १९९३ मध्ये हे छापलं.

त्याआधी काय होतं? १९४६ मध्ये स्टालिनने सैनिक आणि नागरिक मिळून सगळे ७० लाख म्हणून सांगितलं. १९६१ मध्ये ख्रुश्चेव्हच्या तोंडी २ कोटींच्या वर आलं. १९९० मध्ये गोर्बाचेव्हच्या काळात जवळजवळ २ कोटी ७० लाख. नंतर २ कोटी ६६ लाख हा आकडा कायम झाला, आणि सैनिकांचे ८७ लाख हे त्याच्या पोटातले. म्हणजे एकच देश, एकच युद्ध, आणि पंचेचाळीस वर्षांत आकडा जवळपास चौपट. नवीन कोणी मेलं नव्हतं, फक्त सांगण्याची गरज बदलली होती. १९४६ ला नुकतं जिंकलेल्या नेत्याला एवढं रक्त गेलं हे कबूल करायचं नव्हतं, पुढे तेच रक्त अभिमानाने सांगायचं झालं.

आता या ८६.६८ लाखांच्या आत काय आहे ते बघा, कारण तुलनेला तेच लागतं. रणांगणावर आणि तिथून मागे नेताना मेलेले ५२ लाख २६ हजार ८००, दवाखान्यात जखमांनी गेलेले ११ लाख २ हजार ८००, आजार, अपघात, स्वतःच्याच लष्कराने गोळ्या घातलेले वगैरे ५ लाख ५५ हजार ५००, बेपत्ता म्हणून मेले असं धरलेले ५ लाख, आणि कैदेत मेलेले किंवा कैदेतून न परतलेले १२ लाख ८३ हजार ३००. बेरीज करून बघा, जुळते. पण शेवटच्या रकान्यावर थांबा. जर्मन नोंदींवरून काम करणारे इतिहासकार सांगतात की सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले गेले आणि त्यातले ३३ लाखांच्या आसपास कैदेत मेले. १२.८३ लाख कुठे आणि ३३ लाख कुठे! यात कोण खोटं बोलतंय असा प्रश्न लगेच येतो, पण बरीचशी तफावत मोजणीच्या व्याख्येची आहे. जर्मनांनी लष्करी वयाचा दिसेल तो पुरुष कैदी म्हणून लिहिला. त्यात नागरी स्वयंसेवक पथकं आली, रेल्वेचे कामगार आले, भरतीचा हुकूम मिळून युनिटकडे निघालेले पण अजून कुठल्याच हजेरीपटावर न चढलेले सुमारे पाच लाख जण आले. सोव्हिएत हिशोबात हे सैनिक नव्हतेच, त्यामुळे ते मेले तर नागरिकांच्या खात्यात गेले. शिवाय १९४१ चा उन्हाळा आठवा. कीव्हच्या वेढ्यात जर्मनांनी साडेसहा लाखांवर कैदी पकडल्याचा दावा केला. तिथे किती गेले हा अहवाल ज्या मुख्यालयाने पाठवायचा ते मुख्यालयच वेढ्याच्या आत, मग अहवाल लिहिणार कोण आणि पाठवणार कुठून. म्हणून बरेच अभ्यासक सोव्हिएत सैनिकी मृत्यू कोटीच्या आसपास किंवा त्याच्याही वर नेतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर ८७ लाख ही खालची मर्यादा धरावी, त्याखाली जाऊ नये.

जर्मनीकडे या. जर्मन कागदपत्रं म्हणजे काटेकोर असा एक समज आहे आणि १९४४ पर्यंत तो बऱ्यापैकी खराही आहे. पण १९४५ च्या जानेवारीनंतर कळवण्याची यंत्रणाच कोसळली आणि नेमकं तेव्हाच माणसं सगळ्यात जास्त मरत होती. त्यामुळे लष्करी मुख्यालयाच्या आकड्यांवर बेतलेली जी जुनी बेरीज पुस्तकांतून फिरत राहिली ती कमी पडत होती, चाळीस लाखांच्या थोडी पुढे. रुडिगर ओव्हरमान्स नावाच्या इतिहासकाराने १९९० च्या दशकात वेगळाच रस्ता धरला. बर्लिनमध्ये जर्मन सैनिकांच्या वैयक्तिक कार्डांचं प्रचंड दप्तर होतं, युद्धानंतरही कित्येक वर्षं नातेवाइकांच्या चौकशा, कोर्टाचे निकाल, परतलेल्या कैद्यांचे जबाब त्यात भरले जात होते. त्याने त्यातून नमुना निवडला आणि त्यावरून एकूण काढलं, ५३ लाख १८ हजार. या हिशोबात एकट्या जानेवारी १९४५ मध्ये साडेचार लाख जर्मन सैनिक गेले. एका महिन्यात! अमेरिकेचे संपूर्ण युद्धात, दोन्ही आघाड्यांवर मिळून गेले त्याहून जास्त. एकूण जर्मन मृतांपैकी जवळपास निम्मे तर युद्धाच्या शेवटच्या दहा महिन्यांत गेलेत, म्हणजे युद्ध हरलोय हे सगळ्यांना दिसत असताना.

पण हे ५३ लाख "जर्मनीचे" आहेत का? त्यात २ लाख ६१ हजार ऑस्ट्रियाचे आहेत. फ्रान्सच्या अल्सास आणि लोरेन भागातून सक्तीने भरती केलेली पोरं आहेत, अशांची एकूण भरती १ लाख ३० हजारांच्या घरात होती. पोलंडच्या पश्चिम भागातून ओढून नेलेलेही आहेत. आता फ्रान्सचा तक्ता करणारा अल्सासच्या पोरांना फ्रेंच म्हणून मोजतो, ते त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. जर्मनीचा तक्ता करणारा त्यांना जर्मन गणवेशात मेले म्हणून मोजतो, तेही बरोबर. तुम्ही दोन्ही तक्ते शेजारी ठेवून जगाची बेरीज केलीत की तोच मुलगा दोनदा मेला. जपानच्या आकड्यात कोरिया आणि तैवानची माणसं आहेत तीच गत. रोमानिया २३ ऑगस्ट १९४४ ला बाजू बदलून मोकळा झाला, आधी सोव्हिएतांशी लढताना मेलेले आणि नंतर जर्मनांशी लढताना मेलेले एकाच बेरजेत. "दोस्त राष्ट्रांचे किती, अक्षराष्ट्रांचे किती" असा तक्ता कोणी दिला की मी सगळ्यात आधी रोमानियाला कुठे बसवलंय ते बघतो. तक्ता करणाऱ्याने किती विचार केलाय ते तिथे लगेच कळतं.

जपानचा आकडा दिसायला स्वच्छ वाटतो, २३ लाख. पण तो १९३७ पासूनचा आहे, चीनवरच्या स्वारीपासून, आणि त्यात लष्कराला जोडलेले नागरी कर्मचारीही आहेत. जर्मनीचा आकडा १९३९ पासून, अमेरिकेचा डिसेंबर १९४१ पासून, आणि आपण ते एका ओळीत मांडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते मेले कशाने. अकिरा फुजिवारा हे स्वतः त्या सैन्यात अधिकारी होते, पुढे इतिहासकार झाले, त्यांचा हिशोब असा की यातले सुमारे १४ लाख, म्हणजे साठ टक्के, उपासमारीने आणि उपासमारीतून आलेल्या आजारांनी गेले. इतर जपानी अभ्यासक हे प्रमाण बरंच कमी धरतात, पण तेही तिसऱ्या हिश्श्याच्या वरच आहे. आपल्या दारातलं उदाहरण इंफाळचं. १९४४ मध्ये जनरल मुतागुची सुमारे ८५ हजार माणसं घेऊन चिंदविन नदी ओलांडून आला, तीन आठवड्यांची शिदोरी दिलेली, पुढचं ब्रिटिशांच्या कोठारांतून घेऊ असा हिशोब. कोठारं हाती लागली नाहीत, पाऊस सुरू झाला, आणि जे सुमारे ३० हजार गेले त्यांच्यात भूक, मलेरिया आणि हगवणीने गेलेले खूप मोठ्या संख्येने होते. आता याला "युद्धात मारले गेले" म्हणायचं का? ब्रिटिश आणि भारतीय सैन्याने इतके मारले असं कोणी लिहिलं तर ते चूक, आणि हे युद्धातले मृत्यू नाहीतच असं म्हटलं तर तेही चूक. मेले सगळे लष्करी मोहिमेतच, फक्त शत्रूच्या गोळीने नाही.

हा गोळीने आणि इतर कारणाने असा फरक सगळीकडे करावा लागतो. अमेरिकेचे ४ लाख ५ हजार ३९९ घ्या, त्यातले लढाईत २ लाख ९१ हजार ५५७ आणि बाकी १ लाख १३ हजार ८४२ आजार, अपघात वगैरे. अमेरिकेतल्याच धावपट्ट्यांवर विमान शिकताना मेलेलेच सुमारे १५ हजार आहेत. एका वेबसाइटवर २.९ लाख आणि दुसरीवर ४.०५ लाख दिसतात ते यामुळे, दोन्ही बरोबर. पहिल्या महायुद्धात तर अमेरिकेचं उलटंच होतं, १ लाख १६ हजार मृतांपैकी निम्म्याहून जास्त लढाईत मेलेच नाहीत, त्यातले बहुतेक इन्फ्लुएंझाच्या साथीने गेले. आणि अमेरिकेच्या या ४.०५ लाखांत व्यापारी जहाजांवरचे खलाशी नाहीत, सुमारे साडेनऊ हजार गेले ते. पाणबुड्यांनी त्यांना बुडवलं, त्यांच्या जहाजावर तोफा होत्या, सेवेत असलेल्यांशी मृत्यूचं प्रमाण लावलं तर सैन्याच्या कुठल्याही शाखेपेक्षा ते कमी नव्हतं, आणि तरी त्यांना माजी सैनिक म्हणून मान्यता मिळायला १९८८ उजाडलं.

चीनचा आकडा कुठेही जातो असं मी वर म्हटलं. चीनच्या तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारचा स्वतःचा आकडा १३ लाख १९ हजार ९५८ मारले गेले असा आहे, शेवटच्या आकड्यापर्यंत नेमका, आणि मला तर असा नेमकेपणा दिसला की आधी शंकाच येते. कारण हा फक्त लढाईतला आकडा. चीनमध्ये भरती म्हणजे गावातून दोरीने बांधून शेकडो मैल चालवत न्यायचं, वाटेत खायला नाही, औषध नाही, आणि कित्येक जण रेजिमेंट गाठायच्या आधीच मेले. ते सैनिक होते की नव्हते? नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. त्यांना धरलं आणि आजाराने मेलेले धरले की बेरीज ३० लाखांच्या पुढे जाते, आणि चीन जपानच्या वर सरकतो. तिसरा नंबर कुणाचा याचं उत्तर या एका निर्णयावर अडकलंय. आजचं बीजिंगचं कम्युनिस्ट सरकार जो साडेतीन कोटींचा आकडा सांगतं तो सैनिक-नागरिक, मृत-जखमी सगळे मिळून आहे, तो या तक्त्यात आणायचाच नाही.

आकडे फुगवण्याचीही उदाहरणं आहेत. युगोस्लाव्हियाने युद्धानंतर नुकसानभरपाई मागताना एकूण १७ लाख मृत सांगितले आणि शाळेच्या पुस्तकांत चाळीस वर्षं तेच छापलं गेलं. १९८० च्या दशकात कोचोविच आणि झेर्याविच या दोघांनी, एक सर्ब आणि एक क्रोएट, स्वतंत्रपणे जनगणनांवरून हिशोब केला तर दोघांचाही १० लाखांच्या थोडाच वर आला. दोन वेगळ्या बाजूंची माणसं एकाच ठिकाणी पोचली, यापेक्षा चांगली तपासणी या विषयात सहसा मिळत नाही.

आता टक्केवारी. लोक म्हणतात नुसते आकडे नकोत, लोकसंख्येच्या प्रमाणात सांगा, म्हणजे न्याय होईल. चांगलंय, पण भागाकारात खाली काय ठेवायचं? सोव्हिएत लोकसंख्या १९४१ ला साडेएकोणीस कोटींच्या वर, म्हणजे सैनिकी मृत्यू साधारण साडेचार टक्के. जर्मनी सहा ते साडेसात टक्के, म्हणजे प्रमाणात जर्मनी सोव्हिएतांच्या वर जातो, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. जपान तीन टक्क्यांच्या आसपास. फिनलंड हा छोटा देश, ३७ लाख वस्ती, मृत सुमारे ९५ हजार, म्हणजे अडीच टक्क्यांवर. आणि फिनलंडचा आकडा सगळ्यात पक्का, कारण ते मृतदेह शक्य तिथे आपापल्या गावी परत आणत, गावच्या चर्चच्या आवारात पुरत, त्यामुळे प्रत्येकाचं नाव आणि गाव आहे. ब्रिटन ०.८, अमेरिका ०.३ टक्के.

पण लोकसंख्येऐवजी गणवेश चढवलेल्यांशी भागलं तर चित्र अजून वेगळं. अमेरिकेत १ कोटी ६१ लाख सेवेत होते, चाळिसात एक गेला. सोव्हिएत भरती ३ कोटी ४५ लाख, चारात एक. जर्मनी १ कोटी ८२ लाख, दहात जवळजवळ तीन. आणि देशाच्या सरासरीखाली काय दडतं तेही बघा. ब्रिटनचं एकूण प्रमाण कमी, पण आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, बॉम्बर कमांडमध्ये सव्वा लाख विमानकर्मींपैकी ५५ हजार ५७३ गेले, चव्वेचाळीस टक्के. शाखा कुठली हे न विचारता "ब्रिटिशांना फार झळ बसली नाही" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा.

याच संदर्भात एक गोष्ट खूप फॉरवर्ड होते, की १९२३ साली जन्मलेल्या रशियन मुलग्यांपैकी ऐंशी टक्के युद्धात मेले. ऐकायला थरारक आहे, पण तसं नाहीये. त्या वर्षी जन्मलेल्यांपैकी खूप मोठा हिस्सा युद्ध सुरू व्हायच्या आधीच गेला होता, बालमृत्यू आणि १९३२-३३ चा दुष्काळ. युद्धात जे गेले ते प्रमाणही भयंकरच आहे, पण भागाकार जन्मलेल्यांशी करायचा की १९४१ ला जिवंत असलेल्यांशी, एवढ्यानेच आकडा कुठल्या कुठे जातो.

आणि दुसरी अशीच गोष्ट म्हणजे "एका जर्मनामागे दहा रशियन मेले, त्यांनी नुसती माणसं फेकली". हे वाक्य पूर्व आघाडीवरचे फक्त जर्मन घेऊन आणि सोव्हिएतांचे सगळे घेऊन बनतं. नीट करायचं तर एका बाजूला पूर्वेकडचे जर्मन मृत घ्या, १९४४ अखेरपर्यंतच ओव्हरमान्सच्या हिशोबाने २७ लाख ४३ हजार, त्यात मिळवा १९४५ च्या लढायांतल्या १२ लाख ३० हजारांतला पूर्वेचा मोठा वाटा, सोव्हिएत कैदेत मेलेले किमान साडेतीन लाख आणि कदाचित त्याच्या दुप्पट-तिप्पट, शिवाय रोमानिया, हंगेरी, इटली, फिनलंडचे. असं मांडलं की प्रमाण दोनास एकच्या आसपास येतं. आणि सोव्हिएतांच्या बाजूच्या आकड्यात लाखो कैदी आहेत ज्यांना उघड्या माळावर काटेरी तारांच्या आत उपाशी ठेवून मारलं. १९४१-४२ च्या एका हिवाळ्याअखेर सुमारे २० लाख कैदी मेलेले होते. त्यांच्या मृत्यूवरून सोव्हिएत सेनापतींची युद्धकला कशी मोजणार? ती जर्मन धोरणाने केलेली हत्या आहे. जर्मनांच्या हाती पडलेल्या ब्रिटिश-अमेरिकन कैद्यांपैकी चार टक्क्यांच्या आसपास मेले, सोव्हिएत कैद्यांपैकी निम्म्याहून जास्त. कैदेतले मृत्यू वेगळ्या रकान्यात न ठेवता केलेली कुठलीही पूर्व आघाडीची तुलना मी तरी बाजूला ठेवतो. १९४१ च्या सोव्हिएत चुका झाकायच्या नाहीयेत, त्या होत्याच आणि मोठ्या होत्या, पण दहास एक हे नाही.

आता भारत, कारण विचारणाऱ्याचा खरा कल तिकडेच दिसतोय. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटिश सरकारची आकडेवारी अशी, भारतीय सैन्याचे मारले गेले २४ हजार ३३८, बेपत्ता ११ हजार ७५४, जखमी ६४ हजार ३५४, युद्धकैदी ७९ हजार ४८९. आता गंमत बघा, एकाच तक्त्यातून कोणी २४ हजार उचलतो, कोणी बेपत्ता मिळवून ३६ हजार करतो, कोणी चारही रकान्यांची बेरीज करून १ लाख ८० हजार "हताहत" लिहितो आणि पुढचा माणूस ते मृत म्हणून कॉपी करतो. युद्धकैदी एवढे जास्त का, तर १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा हजारो भारतीय सैनिक एकदम जपान्यांच्या हाती लागले. त्यातले काही आझाद हिंद सेनेत गेले, काही न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजूर म्हणून नेले गेले आणि तिथे मेले.

८७ हजार हा आकडा येतो राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाकडून, म्हणजे जगभरातली ब्रिटिश साम्राज्याची लष्करी स्मशानं सांभाळणारी संस्था. त्यांचा प्रश्नच वेगळा आहे. लढाईत किती गेले हे ते विचारत नाहीत, कुणाकुणाचं स्मारक करायचं हे विचारतात. म्हणून ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना जो गेला तो धरला, गोळीने, मलेरियाने, ट्रक उलटून, कैदेत, कशानेही. इटलीत हल्ला करताना १० जुलै १९४४ ला पडलेले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते या यादीत आहेत, आणि आसामच्या रस्त्यावर तापाने गेलेला कुठल्याही पदकाशिवायचा शिपाईही त्याच यादीत. युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४५ मध्ये इंडोनेशियातल्या सुराबायाला झालेल्या लढाईतले भारतीयही त्यात येतात, जे जपान शरण आल्यानंतर मेले. शिवाय हा अविभाजित भारत आहे, म्हणजे आजच्या पाकिस्तान-बांगलादेशातले सगळे धरून, आणि नेपाळहून आलेले गुरखेही.

पुण्यात खडकीला जी युद्धसमाधी आहे तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत. तिथे फिरायला गेलेले बरेच जण म्हणतात की अरे, इथे तर बहुतेक इंग्रजच दिसतात. दिसणारच, कारण हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांची कबर असणार कशी. त्यांची नावं भिंतींवर आणि नोंदवह्यांत आहेत, रंगूनच्या स्मारकावर एकूण जवळजवळ २७ हजार नावं आहेत आणि त्यात भारतीय खूप. कबरी मोजून देशांची तुलना करायला गेलात तर भारत हमखास मागे पडणार.

खलाशांचं वेगळं सांगायला हवं, कारण हा आपल्या किनाऱ्याचा विषय आहे. कोकणातले, गोव्यातले, तसेच सिल्हेट-चितगावकडचे हजारो जण ब्रिटिश व्यापारी जहाजांवर इंजिनखोलीत, डेकवर, भटारखान्यात होते. भारतीय नौदलाचे आणि व्यापारी जहाजांवरचे मिळून सुमारे ६,५०० जण समुद्रात गेले, ज्यांना कबर नाही, त्यांच्या नावांची वही मुंबईला आणि चितगावला ठेवलीये. गोवेकर खलाशी तर कागदोपत्री पोर्तुगालचे, म्हणजे तटस्थ देशाचे नागरिक, आणि मेले ब्रिटिश जहाजावर. यांना कुठल्या देशाच्या ओळीत घालणार? आणि सीमारेषा कुठे संपते ते बघायचं तर १४ एप्रिल १९४४ चा मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधला स्फोट घ्या. फोर्ट स्टायकिन जहाजावरचा दारूगोळा होता युद्धाचा, आग विझवताना गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मात्र नागरिक, त्यामुळे ते लष्करी मृतांत नाहीत. बरोबर की चूक यात मी पडत नाही, नियम तसा आहे एवढंच.

२५ लाखांचं उत्तर सोपं आहे. तो मृतांचा आकडाच नाही, १९४५ ला भारतीय सैन्याची एकूण संख्या २५ लाखांच्या घरात होती, सक्तीच्या भरतीशिवाय उभं राहिलेलं तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं सैन्य. कोणीतरी "सहभागी" या शब्दाचं "शहीद" करून टाकलं आणि ते फिरत राहिलं. कधीकधी त्याला १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा टेकू देतात. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली असं मानलं जातं आणि युद्धकाळातल्या सरकारी धोरणांचा त्यात वाटा होताच, पण ती नागरिकांची ओळ आहे. युद्धाने भारताची किती माणसं नेली असा प्रश्न असेल तर ती आलीच पाहिजे, किंबहुना तीच सगळ्यात मोठी ओळ आहे. सैनिक किती गेले असा प्रश्न असेल तर येणार नाही. आझाद हिंद सेनेच्या मृतांनाही ८७ हजारांत मिळवू नका, ते समोरच्या बाजूने लढले, त्यांची ओळ स्वतंत्र ठेवा.

तर तुमच्या तक्त्यात भारतासमोर ८७ हजार लिहा, खाली टीप द्या की अविभाजित भारत, सर्व कारणं, १९४७ अखेरपर्यंत. आणि त्याच्या शेजारी ब्रिटनचे लिहिताना २ लाख ६४ हजार लिहू नका, जे १९४६ च्या त्याच जुन्या पत्रकातले फक्त मारले गेलेले आहेत, तिथे समाधी आयोगाचेच ३ लाख ८३ हजार घ्या, कारण दोन्हीला मोजणारा एक आणि तारखाही त्याच. त्याच नोंदवहीत कॅनडाचे ४५ हजार, ऑस्ट्रेलियाचे ४० हजार, न्यूझीलंडचे १२ हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे संख्येने राष्ट्रकुलात ब्रिटनखालोखाल भारत. लोकसंख्येशी लावलंत तर सोळा लाख वस्तीच्या न्यूझीलंडचं प्रमाण पाऊण टक्क्याच्या जवळ आणि एकोणचाळीस कोटींच्या भारताचं ०.०२ टक्के, सगळ्यात खाली. तक्त्यात दोन्ही रकाने ठेवा, एकच ठेवलात तर खाली कमेंटमध्ये भांडण ठरलेलं आहे.